'रोड रेज'ला मराठीत काय म्हणावे? राग येणे आणि राग काढणे

विचारणा

नमस्कार. मी वाहन चालवण्याचे प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेत शिकवतो. शिकाऊ परवाना घेऊन येणाऱ्या उमेदवारांसाठी मराठीत एक छोटी पुस्तिका लिहीत असताना 'रोड रेज' (वाहन चालवताना दुसऱ्या चालकावर संतापून शिवीगाळ किंवा मारहाण करणे) या शब्दापाशी काम अडले आहे. 'मार्गक्रोध' आणि 'रस्तासंताप' असे दोन शब्द मी जुळवून पाहिले, परंतु वर्गात ते उच्चारले तेव्हा एकालाही त्यांचा अर्थ लागला नाही. कायद्यातील 'बेदरकारपणे वाहन चालवणे' हा शब्दप्रयोग त्याऐवजी चालेल का, की मराठीत आधीपासूनच याला काही नाव आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

'बेदरकार' येथे योजू नये, असे माझे मत आहे. दरकार म्हणजे पर्वा किंवा गरज, आणि ज्याला ती नाही तो बेदरकार. भारतीय दंड संहितेचे कलम २७९ आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी लागू झालेले भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ अशाच पर्वा न करणाऱ्या चालकाविषयी आहे. रागावलेल्या चालकाची अवस्था याच्या नेमकी उलट असते, कारण त्याला मागच्याच्या प्रत्येक हॉर्नची आणि पुढच्याच्या प्रत्येक वळणाची नको तितकी दरकार असते.

'रोड रेज' या नावाचा स्वतंत्र गुन्हा आपल्या कायद्यात नाही, हेही पुस्तिकेत नोंदवावे. पतियाळा येथे २७ डिसेंबर १९८८ रोजी रस्त्यावरील भांडणात एका वृद्धाचा मृत्यू झाला आणि त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी नवज्योतसिंग सिद्धू यांना एक वर्षाची सश्रम कैद सुनावली. बातम्यांत त्याला सर्वत्र 'रोड रेज प्रकरण' म्हटले गेले. शिक्षा मात्र दंड संहितेच्या कलम ३२३ खाली, म्हणजे इच्छापूर्वक दुखापत केल्याबद्दल झाली.

प्रतिसाद २

संस्कृतात 'राग' म्हणजे रंग, ओढ, आसक्ती. 'अनुराग' या शब्दात तो अर्थ आजही शिल्लक आहे. मराठीत मात्र तो संतापाच्या अर्थाने रुळला. त्यामुळे कोणाला 'मार्गराग' असा समास सुचलाच, तर संगीताच्या अभ्यासकाला त्यात संगीताची 'मार्गी' (प्राचीन, शास्त्रोक्त) आणि 'देशी' (प्रांतोप्रांतीचे) ही जुनी विभागणी ऐकू येईल. तो टाळावा.

प्रतिसाद ३

मला वाटते, अडचण शब्दापेक्षा शब्दाच्या जातीची आहे. इंग्रजीला येथे नाम लागले. १९८७ साली लॉस एंजेलिसच्या द्रुतगती मार्गांवर चालकांनी एकमेकांवर गोळ्या झाडण्याच्या घटना लागोपाठ घडल्या आणि पुढे हे नाव अमेरिकी वृत्तमाध्यमांत रुळले. असे नाव मिळाले की ती एखादी साथ वाटू लागते आणि साथीला कर्ता नसतो.

मराठी बातमीची जुनी रीतही मला तितकीच खटकते. 'गाडीला कट मारल्याच्या कारणावरून तरुणास मारहाण' हा मथळा आपल्या इतका परिचयाचा आहे की त्यात कारण कोणाच्या पदरात टाकले आहे, हे आपल्या लक्षातही येत नाही. कट मारला तो मार खाणाऱ्याने, म्हणजे मारहाणीचे कारणही त्यानेच पुरवले, असे ते वाक्य नकळत सांगते. ज्याने गाडी आडवी घालून खाली उतरून हात उचलला, त्याचा उल्लेखही मथळ्यात नसतो. ट्रकने हूल दिली, बसने साईड दिली नाही, समोरून सतत डिपर मारला, ही सारी चीड आणणारी कृत्ये आहेत हे मान्यच आहे. परंतु चीड येणे आणि मारहाण होणे यांच्यामध्ये एका माणसाचा निर्णय असतो आणि तोच त्या वाक्यातून गळतो.

हा निर्णय दाखवण्याची सोय मराठी क्रियापदांत आहे. 'मला राग आला' या वाक्यात राग हा कर्ता आहे. तो येतो, आणि तो न येऊ देणे प्रत्येक वेळी आपल्या हाती नसते. 'मी राग काढला' असे म्हटले की कर्ता मी होतो. राग गिळता येतो, धरता येतो, मनात ठेवता येतो आणि दुसऱ्यावर काढताही येतो. यांतील प्रत्येक क्रिया माणूस करतो. म्हणून माझी सूचना अशी की नाम घडवण्याच्या खटपटीत न पडता आपण 'रस्त्यावर राग काढणे' असे सरळ लिहावे.

विचारणाकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. वर्गात हाच प्रश्न विचारला तेव्हा एका उमेदवाराने 'खुन्नस' आणि दुसऱ्याने 'त्रागा' हा शब्द सुचवला. शिवाय राग आवरण्याच्या भागासाठी 'संयम' हा शब्द फार पुस्तकी वाटेल का, अशी शंका आहे.

प्रतिसाद ३

खुन्नस ही मनात धरून ठेवलेली असते. अनोळखी चालकाविषयी क्षणात उसळणाऱ्या रागाला ते नाव शोभत नाही, मात्र पाठलाग करून पुढच्या सिग्नलला गाठणाऱ्याला ते लागू पडते. त्रागा तर मुळात स्वतःवर उलटणारा असतो, कारण मागणी मान्य व्हावी म्हणून स्वतःला इजा करून घेणे हा त्या शब्दाचा जुना अर्थ आहे.

संयमाविषयी थोडे सविस्तर लिहितो. त्यातील 'यम्' या धातूचा अर्थ रोखणे, ताणून धरणे असा आहे आणि त्याच धातूपासून झालेला 'यन्तृ' हा शब्द संस्कृतात सारथ्यासाठी वापरतात. म्हणजे संयम हा शब्द सारथ्याच्याच घरातला आहे. आपली बोलीही याच वाटेने गेली आहे. बैल आवरतात तसाच राग आवरतात, वेसण बैलाला घालतात तशीच रागालाही घालतात, आणि जो आवरत नाही तो राग अनावर. मोटार आल्यावर 'चालकाचा वाहनावरील ताबा सुटला' असे आपण लिहू लागलो, पण 'रागावरचा ताबा' हा प्रयोगही प्रचारात आहेच. एकच शब्द दोन्हीकडे चालतो, हे शिकाऊ चालकाला सांगण्यासारखे आहे. पुस्तिकेच्या त्या भागाला मी 'दोन्ही ताबे' असे शीर्षक देईन.

प्रतिसाद १

याला माझे अनुमोदन आहे. फक्त 'राग अनावर झाल्याने' हा प्रयोग कारण म्हणून येऊ देऊ नये. तो आला की कर्ता पुन्हा लपतो.

विचारणाकर्ता

मग वाक्य असे ठरवतो : 'समोरच्याने कट मारला तर राग येईल, तो रस्त्यावर काढू नये.' येथे 'काढू नये' योग्य की 'काढू नका'?

प्रतिसाद ३

'काढू नका' लिहावे. 'नये' हा सर्वांसाठीचा नियम झाला आणि तो वाचताना माणसाला शेजारच्या गाडीतला चालक आठवतो. 'नका' हे वाचणाऱ्यालाच उद्देशून आहे.