९ ऑगस्ट: सहावीच्या वर्गात फॅन्सी ड्रेसऐवजी काय घ्यावं?

खडूफळा
सहावीचा वर्ग, ४० मुलं, दोन सलग तासिका, खर्चाला फारशी तरतूद नाही. जागतिक आदिवासी दिन म्हटलं की पानांचे झगे, तोंडाला काळा रंग आणि 'झिंगालाला'. हे यंदापासून बंद करायचंय. वारली चित्र घ्यावं असं मनात आहे. पण गेरू वाळला की हाताला लागतो, आणि स्केचपेनने काढलेलं चित्र वारली वाटत नाही. साहित्य किती लागेल, क्रम काय? चित्राखेरीज आणखी काय घेता येईल?

गेरूकाठी
कुडाच्या सारवलेल्या भिंतीवर गेरू धरून राहतो, गुळगुळीत कागदावर नाही. म्हणून त्यात चिकट काहीतरी हवंच. पाव किलो गेरू वस्त्रगाळ करा, अर्धा लिटर पाणी आणि चार मोठे चमचे फेविकॉल घाला. एवढ्यात ४० लहान पुठ्ठे होतात. पातळ हात द्या, वाळू द्या, मग दुसरा. एकाच जाड थराला भेगा जातात. पावसाळी हवेत वाळायला वेळ लागतो, तेव्हा पुठ्ठे आदल्या दिवशीच रंगवून ठेवा.

पांढऱ्यासाठी दोन वाट्या तांदूळ चार-पाच तास भिजवून गंधासारखे बारीक वाटा. रात्री भिजत घातलेला बाभळीचा डिंक दोन चमचे गाळून त्यात मिसळा. काडी बुडवून उचलली की टोकाला थेंब लोंबला पाहिजे, ओघळता कामा नये. वाटण त्याच सकाळचं हवं, शिळं आंबतं.

ब्रश नको. बांबूची वीतभर काडी घ्या आणि एक टोक दगडाने ठेचून तंतू मोकळे करा. स्केचपेनची रेघ सगळीकडे सारखी येते. काडीची कुठे जाड, कुठे तुटक. तुम्हाला जे 'वारली वाटत नाही' ते बरंचसं यामुळेच.

आता हमखास घोळ कुठे होतो ते सांगतो. तांदळाचं पांढरं ओलं असताना जेमतेम दिसतं, वाळल्यावरच उठून येतं. मुलांना वाटतं उमटलंच नाही, मग तीच रेघ तीन-तीनदा गिरवतात आणि नंतर तिचे पोपडे निघतात. आधी फळ्याजवळ एक रेघ काढून पाच-सात मिनिटं वाळताना दाखवा, मगच काड्या वाटा.

माणूस काढताना आधी छातीचा उलटा त्रिकोण, त्याच्या टोकाला टोक लावून कमरेचा सुलटा, मग डोकं, शेवटी हातपाय. वाकलेला, पळणारा, नाचणारा माणूस हवा तर वरचा त्रिकोण कलता करायचा. बाईला अंबाड्याचा छोटा गोल. नाक-डोळे काढू देऊ नका, मुलांचा हात आपसूक तिकडे जातो. तारपा नाच, म्हणजे तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणाऱ्याभोवतीचा नाच, काढायचा असेल तर आधी वाजवणारा काढा, मग त्याच्याभोवती गुंडाळत जाणारी नाचणाऱ्यांची रांग. रांग आधी काढली की मधे तारपेवाल्याला जागा उरत नाही!

चौकाबाहेर
वरचं सगळं बरोबर, फक्त एक जोड. लग्नचौक मुलांना नक्षी म्हणून काढायला देऊ नका. तो लग्नात सवाशिणी काढतात, त्यात पालघट देवी असते, आणि लग्न लावणारी बाई, म्हणजे धवलेरी, गाणी म्हणते. तो विधी आहे. फोटो दाखवा, अर्थ सांगा, पण वर्गात भातलावणी, मासेमारी, ताडावर चढणारा माणूस असे विषय द्या. ही कला घराच्या भिंतीवरून कागदावर आणणाऱ्यांतलं मोठं नाव जिव्या सोमा म्हशे, २०११ची पद्मश्री. ते नाव फळ्यावर असू द्या, नाहीतर मुलांना वारली म्हणजे कुर्त्यावरची छपाई एवढंच ठाऊक राहतं.

गेरूकाठी
आज कागदावर विकायला चौकही काढतात, आणि काढणारे वारलीच असतात. तेव्हा सरसकट मनाई मला पटत नाही. पण सहावीच्या दोन तासिकांत चौक बसणार नाही हे खरं.

बोलीवाला
चित्राखेरीज म्हणाल तर भाषा घ्या. सामान फक्त खडू. 'आदिवासी बोली म्हणजे अशुद्ध मराठी' हा समज अर्ध्या तासात मोडतो. फळ्यावर तीन रकाने करा. भिली, पावरी, वारली या मराठी-गुजरातीच्या कुळातल्या. गोंडी, कोलामी द्राविडी, म्हणजे तेलुगू-कन्नडच्या नात्यातल्या. मेळघाटातली कोरकू तिसऱ्याच कुळातली, झारखंडच्या मुंडारीची बहीण. मग एकच शब्द घ्या: पाणी. गोंडीत 'येर', कोरकूत 'डा'. गावागणिक उच्चार बदलतो, म्हणून वर्गात कोणाच्या घरी ती भाषा असेल तर त्याचाच उच्चार फळ्यावर लिहा. मात्र त्या मुलाला 'बोलून दाखव' म्हणून उभं करू नका. आदल्या दिवशी बाजूला घेऊन विचारा, आणि तो नको म्हणाला तर विषय सोडा.

माणसं निवडताना नुसते बिरसा मुंडा नकोत, ते झारखंडचे. इकडचे राघोजी भांगरे, इंग्रजांविरुद्ध बंड करणारे, ज्यांना १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. रायगडमधल्या चिरनेरच्या १९३०च्या जंगल सत्याग्रहात गोळीबारात गेलेले नाग्या कातकरी. आणि आजचं नाव हवंच, नाहीतर आदिवासी म्हणजे इतिहासजमा लोक असं मुलं धरून चालतात: अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, गावरान बियाणं जपणाऱ्या, पद्मश्री. त्यांच्यावर बोलताना वालाचे तीन-चार वेगळे दाणे मुलांच्या हातात द्या आणि त्यांच्यातले फरक मुलांनाच शोधू द्या.

खडूफळा
आभार. चौक वगळतो, भाषेला दुसऱ्या तासिकेतली वीस मिनिटं देतो. तारपा वाजवणाऱ्या एखाद्या कलाकाराला बोलावलं तर?

चौकाबाहेर
जरूर, पण तारपा हे भात तयार होण्याच्या सुमाराचं वाद्य आहे. ऑगस्टमध्ये वाजवायला कोणी कां-कूं केली तर आग्रह नको, दिवाळीच्या आसपास बोलवा. मानधन आणि जाण्यायेण्याचा खर्च फोनवरच ठरवा. पाहुणे म्हणून हार घालून पाच मिनिटांत मोकळे करू नका. पूर्ण तासिका द्या आणि वाद्य खोलून दाखवायची विनंती करा: दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा. श्वास न तोडता वाजवतात कसं, हा प्रश्न मुलांकडून येतोच. त्याचं उत्तर गाल बघून मिळतं, म्हणून मुलांना जवळ बसवा. आणि माईक तोंडासमोर लावू नका, कर्ण्यासमोर ठेवा.