प्रतिसाद: ३५०० किलोचा आकडा

तुम्ही वर लिहिलंय की गाडी ३५०० किलो ओढू शकते, म्हणजे तेवढी कॅराव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) बिनधास्त जोडता येईल. इथे ऑस्ट्रेलियात बहुतेक जण नेमके इथेच फसतात.

गाडीचा जीसीएम बघा, म्हणजे गाडी आणि कॅराव्हॅन मिळून चालणारं कमाल वजन. समजा तो ६००० किलो आहे. कॅराव्हॅन ३५०० ची असली तर गाडीसाठी उरले २५००. रिकामी गाडीच २२०० ची असेल, तर उरलेल्या ३०० किलोत माणसं, बुलबार (गाडीपुढचा संरक्षक दांडा), छतावरचा रॅक आणि फ्रिज बसवून दाखवा! शिवाय कॅराव्हॅनचा टो-बॉलवर (ती अडकवायच्या गाडीमागच्या गोळ्यावर) येणारा भार, साधारण दहा टक्के धरला तरी ३५० किलो, गाडीच्या स्वतःच्या कमाल वजनाच्या मर्यादेत, म्हणजे जीव्हीएममध्ये मोजला जातो. मागच्या ॲक्सलवर तर तो त्याहूनही जास्त जाणवतो, कारण बॉल ॲक्सलच्या मागे असतो.

कॅराव्हॅनच्या पाटीवरचा एटीएम (पैसे काढायचा नव्हे) म्हणजे सामानासकट तिचं कमाल वजन, आणि टेअर म्हणजे रिकामं. दोन्हींतला फरक हीच तुमची सामानाची मुभा. ती ४०० किलो असली आणि ९५ लिटरच्या दोन टाक्या भरल्या, की १९० किलो पाण्यातच गेले.

विकणाऱ्याच्या तोंडी आकड्यांवर जाऊ नका. सगळं भरून, घरच्यांना बसवून सरळ वजनकाट्यावर न्या. आम्ही नेली, आणि परत येऊन अर्धं किचन खाली उतरवलं.