धंद्याआधी बाजाराचा सर्वे: गरज, की नुसताच कागद?

मिरजेचा_घाणेकरी (धागाकर्ता)

मंडळी, लाकडी घाण्याच्या तेलाचा उद्योग टाकतोय. मिरजेत, घरामागच्या शेडमध्ये. दोन घाणे, टाक्या, गाळणी, बाटल्या भरायचं साधं यंत्र असं धरून साडेआठ लाखांचं कोटेशन आलंय. पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के अनुदान मिळतं म्हणून बँकेत गेलो. त्यांनी प्रोजेक्ट रिपोर्ट मागितला, तो आमच्या सीएंनी एका दिवसात करून दिला. त्यात 'बाजारपेठ सर्वेक्षण' असं एक अख्खं पान आहे आणि त्यावर लिहिलंय, "परिसरात दर्जेदार पापडांना मोठी मागणी असल्याचे आढळून आले." पापडांना! आधीच्या कुणाच्या तरी रिपोर्टातलं पान तसंच राहिलं. बँकेतल्या साहेबांनी ते वाचलं की नाही देव जाणे, पण फाइल पुढे सरकली.

तेव्हापासून सर्वे या शब्दावरून माझा विश्वासच उडालाय. घरात मात्र बायको रोज म्हणते, यंत्राचा अॅडव्हान्स द्यायच्या आधी चार लोकांना विचारा. मी म्हणतो, काय विचारायचं? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमाराला बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा शेतकरी म्हणत, लोखंडाने जमिनीत विष उतरतं. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. आधी विचारत बसले असते तर नांगर झालाच नसता. माल चोख असला की गिऱ्हाईक येतं. चुकत असेन तर सांगा.

सर्वेताई

पापडाचं पान हा सर्वे नव्हे, ती उचलेगिरी. त्यावरून सर्वे वाईट ठरवणं म्हणजे आंबट ताक प्यायलो म्हणून गाय विकणं.

अकरा वर्षं मी प्रश्नावली घेऊन दारोदार फिरले आहे. पुणे, सोलापूर, नांदेड. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची कबूल करते. "असं तेल आलं तर घ्याल का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. दुपारी दीड वाजलेला असतो, कुकरच्या शिट्ट्या चालू असतात, बाईंना मला घालवायचं असतं आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. मग 'नक्की घेईन' वर टिक.

म्हणून पुढचं विचारायचं नाही, मागचं विचारायचं. गेल्या महिन्यात कोणतं तेल आणलं, केवढं आणलं, कुणी आणलं, संपायला किती दिवस लागले. आणि शेवटी, "ताई, पिशवी दाखवता का?" पाच मिनिटांपूर्वी 'आम्ही सूर्यफुलाशिवाय वापरतच नाही' म्हणालेल्या घरात कट्ट्यावर पामतेलाची पिशवी मी किती वेळा पाहिली असेल, मोजदाद नाही. खोटं बोलतात असं नाही हो. माणूस स्वतःबद्दल जरा बरंच सांगतो.

आणि किर्लोस्करांचं उदाहरण उलटं वाचताय. ती दोन वर्षं हाच बाजाराचा अभ्यास होता, फक्त फार महागात पडलेला. तुमच्या हप्त्याला दोन वर्षं थांबायची सवलत आहे का?

उकडीची_पारी

धागाकर्त्याला +१. मी कुणालाच विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर सासूबाईंपासून सगळ्यांनी हेच सांगितलं असतं की मोदक काय कुणी विकत घेतं, ते घरीच करायचे असतात. गणपतीच्या आठ दिवस आधी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली किंमत. पहिल्या वर्षी मी फक्त २१ चा संच ठेवला होता, नैवेद्याचा म्हणून. लोक विचारायला लागले, ५ मिळतील का, ११ मिळतील का? घरात दोनच माणसं, २१ कोण खाणार. हे कुठल्या प्रश्नावलीत आलं असतं? मला सुचलंच नव्हतं तर प्रश्न तरी कसा लिहिला असता?

विकायला बसलं की कळतं. बाकी सगळा वेळकाढूपणा.

सर्वेताई

@उकडीची_पारी, तुम्ही किंमत लिहून फोटो टाकलात आणि कोण किती मागतंय ते पाहिलंत. मी याच कामाचा पगार घेत होते. शिवाय तुमचं भांडवल म्हणजे एक मोदकपात्र आणि तांदळाची पिठी. फसलं असतं तर घरच्यांनी चार दिवस मोदक खाल्ले असते. यांना घाणा खाता येणार नाही.

जुना_कोथरूडकर

बड्या कंपन्याही यात तोंडावर आपटल्या आहेत, तिथे आपण कोण. केलॉग्ज १९९४ मध्ये भारतात आली, कारखाना आपल्या तळोज्यात. कॉर्नफ्लेक्स थंड दुधात कुरकुरीत राहतात. आपण दूध घेतो गरम. दोन मिनिटांत लगदा! सकाळी सातला एखाद्या दादरच्या किंवा सदाशिव पेठेतल्या स्वयंपाकघरात नुसतं उभं राहिलं असतं तरी हे दिसलं असतं.

(आता इथे कुणीतरी हेन्री फोर्डचं 'लोकांना विचारलं असतं तर त्यांनी वेगवान घोडेच मागितले असते' हे वाक्य घेऊन येईलच. फोर्ड तसं बोलल्याचा पुरावा कुठेही नाही, तेव्हा कृपया नको.)

पेठेतला_शहाणा

फोर्ड नाही आणत, कोकाकोला आणतो. १९८५ साली त्यांनी नवी चव आणली ती सुमारे दोन लाख लोकांना चाखायला देऊन. लोकांना ती जास्त आवडली होती! बाजारात आणल्यावर असा गदारोळ झाला की ७९ दिवसांत जुनी चव परत आणावी लागली. याहून मोठा सर्वे तुमची ताई करणार आहे का?

सर्वेताई

चव विचारली. 'जुनं बंद केलं तर चालेल का' हे विचारलं नाही. दोन लाख काय, दोन कोटींना चुकीचा प्रश्न विचारला तरी उत्तर चुकीचंच येणार.

पेठेतला_शहाणा

म्हणजे फसलं की प्रश्न चुकला आणि जमलं की सर्वे बरोबर. ज्योतिषीसुद्धा हेच म्हणतात.

जुना_कोथरूडकर

नॅनो घ्या मग. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीला दाखवली, किंमत एक लाख. स्कूटरवर भिजत चाललेलं चौकोनी कुटुंब, ही गरज खरीच होती, त्यात खोट नव्हती. पण 'गरिबाची गाडी' म्हणून ओळखली जाणारी गाडी दारात लावायला लोकांना संकोच वाटला. 'सगळ्यात स्वस्त' हा शिक्का महागात पडला हे रतन टाटांनी स्वतः नंतर मान्य केलं. गुजरातेतल्या साणंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाखांची, आणि एकाही वर्षी लाखभर गाड्या खपल्या नाहीत.

पेठेतला_शहाणा

त्याला बंगालातल्या सिंगूरचं आंदोलन, तिथून कारखाना हलवणं, पेटलेल्या गाड्यांच्या बातम्या, हेही कारण होतं. सगळं सर्वेच्या खात्यात घालू नका. विषय तेलाचा आहे.

गल्ल्यावरचा

तेलाचाच बोलतो. तीस वर्षं किराणा आहे आमचा. तुम्ही सगळे गिऱ्हाइकाला विचारायचं की नाही यावर भांडताय, दुकानदाराला कोण विचारणार? माझ्याकडे घाण्याच्या तेलाच्या तीन जणांच्या बाटल्या आहेत. तळाला साका बसतो. गिऱ्हाईक बाटली हलवतं, गढूळ दिसली की 'खराब आहे' म्हणून परत ठेवतं. ते साका म्हणजे खरेपणाची खूण हे सांगत मी गल्ला सोडून उभा राहू? उन्हाळ्यात ठेवणीतल्या बाटल्यांना खवट वास येतो, त्या कोण परत घेणार हे कोटेशनात लिहिलेलं नसतं. आणि पैसे माल खपल्यावर, रोख नाही.

दादा, पैसे खर्च करू नका. कुठल्याही दुकानात महिन्याच्या एक ते पाच तारखेला चार तास गल्ल्याजवळ स्टूल टाकून बसा. चहा मी पाजतो.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडं कोणाच्या घरी जवसाचं तेल चालते, कोणाच्या घरी सोयाबीनचं. शेंगदाण्याचं घेऊन इकडं येऊ नका भाऊ. बाकी चालू द्या.

मिरजेचा_घाणेकरी

वाचतोय सगळं. गल्ल्यावरचे काका, साक्याचा मुद्दा नोंदवला. पण मला दुकानात ठेवायचंच नाही, थेट घरपोच देणार. आणि आमच्या गल्लीत, मॉर्निंग वॉकच्या ग्रुपमध्ये, ज्याला सांगतो तो म्हणतो, 'शुद्ध तेल हवंच आहे, कधी सुरू करताय?' आणखी कसला पुरावा पाहिजे?

बंद_घाणा

इतके दिवस नुसता वाचक होतो, तुमचं शेवटचं वाक्य वाचून खातं उघडलं.

मी हाच धंदा केला. गाव सांगत नाही, तुमच्यापासून फार लांब नाही. मी तर विचारलंही होतं. दीडशे घरं, वही घेऊन. 'शुद्ध तेल हवंच' हे वाक्य मी दीडशे वेळा लिहून घेतलंय, ती वही अजून माळ्यावर आहे. एका घराला महिन्याला पाच लिटर तेल लागतं असं धरलं, दीडशेतली साठ घरं तरी येतील म्हटलं, तीनशे लिटर. त्यावर दोन घाणे घेतले.

साठ घरं आली, खोटं नाही. पण महिन्याला एक लिटर नेत. मला कळायला पाच महिने लागले की ती बाई माझं तेल फोडणीला आणि चटणीवर घेते, तळणाला रिफाइंडच. एकीने सांगितलं, पुऱ्या तळताना फेस वर येऊन गॅसवर सांडला. दुसरीने सांगितलं, मुलांना वास आवडत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे दर. अडीच किलो दाण्यांतून जेमतेम एक किलो तेल. दाणा १२० रुपयांनी धरला तरी तीनशे तिथेच गेले. पेंड विकून साठ-सत्तर परत येतात. वीज, माणूस, बाटली, घरपोच करायचं पेट्रोल धरून मी ३४० च्या खाली देऊ शकत नव्हतो. त्या भावात तळण कोण काढेल?

दिवाळीच्या फराळाला तरी उठाव होईल म्हणून दोनशे लिटर काढून ठेवलं. फराळ म्हणजे सगळा तळणाचाच. पुढचं सांगत नाही.

घाणे निम्म्या किमतीत गेले. ज्याने नेले त्यानेही मला काहीच विचारलं नाही.

उकडीची_पारी

वाचून वाईट वाटलं दादा. पण तुम्ही विचारलं होतंत ना? तरी फसलंच. माझाच मुद्दा.

बंद_घाणा

मी 'हवं का' विचारलं ताई. 'कशाला वापराल' हे विचारलं नाही. आणि बाटली हातात दिली नाही. तुमचा मुद्दा की त्यांचा, मला आता त्यात रस नाही.

सर्वेताई

@मिरजेचा_घाणेकरी, अॅडव्हान्स थांबवा एक महिना. आसपास चालू घाणा असेल त्याच्याकडून दाणे देऊन मजुरीवर तेल काढून घ्या. वीस घरांना पूर्ण किमतीत विका. सवलत नाही, 'ओळखीचे आहात म्हणून' नाही. आणि पंधरा दिवसांनी जाऊन बाटलीत किती उरलंय ते बघून या.

पेठेतला_शहाणा

म्हणजे विकाच. दोन दिवस भांडून आपण उकडीच्या पारीवरच आलो की.

सर्वेताई

आलो. पण साडेआठ लाखांच्या अलीकडे आलो.

मिरजेचा_घाणेकरी (सहा आठवड्यांनी)

धागा वर काढतोय. बायकोचं ऐकलं असं घरी सांगितलंय, इथल्यांचं ऐकलं असं इथे सांगतो. मजुरीवर २५ लिटर काढून घेतलं. मॉर्निंग वॉकवाल्या सोळा जणांना फोन केले, त्यांतल्या सहांनी घेतलं. 'कधी सुरू करताय' म्हणणारे तिघे फोनच उचलत नाहीत, भेटले की रस्ता बदलतात. गल्लीत आणखी आठ बाटल्या गेल्या. पंधरा दिवसांनी बघायला गेलो तर निम्म्या घरांत बाटली अर्धीही संपली नव्हती. बंद घाण्याचा शब्द न शब्द खरा.

न विचारता एक गोष्ट कळली. चार घरांनी खोबरेल आहे का विचारलं, बाळाच्या मालिशला. दोघींनी विचारलं की ओळखीची बाळंतीण आहे, तीळ तेल काढून द्याल का. त्याला दर कुणी विचारला नाही. काकांच्या दुकानात चार तास बसलो, चहा दोनदा झाला. कोटेशन एका घाण्याचं करून मागवलंय. अॅडव्हान्स अजून दिलेला नाही.

शेंगदाणा तेलाची बाटली दुसऱ्यांदा घेणारे मात्र पाच निघाले.

गल्ल्यावरचा

पाचांत नातेवाईक किती?

मिरजेचा_घाणेकरी

तीन.