आणीबाणीत परदेशात होतात? अनुभव लिहा

काल कपाट आवरताना बाबांचं जुलै १९७५चं एअरोग्राम, ते घडीचं एकपानी हवाई पत्र, हाती आलं. 'इकडे सर्व क्षेम. पाऊस बरा आहे. गाड्या वेळेवर धावतात.' बस्स. बाबा राष्ट्र सेवा दलातले, राजकारणाशिवाय त्यांचं पत्र कधी आलंच नव्हतं. मी शिकागोला शिकत होते. त्याच महिन्यात वॉशिंग्टन पोस्टच्या वार्ताहराला दिल्लीतून घालवलं. घरची खबर मला परक्यांच्या पेपरात मिळायची, बाबांना तीही नाही. आमचे एक प्राध्यापक सहज म्हणाले, गरीब देशाला लोकशाही परवडत नाही. सरकारचा संताप होताच, पण हे फार लागलं. मी भांडले.

लंडनकर: १५ ऑगस्टला इथल्या टाइम्समध्ये जेपींना (जयप्रकाश नारायण) तुरुंगातून सोडा अशी जाहिरात होती. कापून ठेवली, घरी पाठवायची छाती झाली नाही. भाऊ सरकारी नोकरीत.

गोरेगावची मावशी: मी परदेशात नव्हते, तरी लिहिते. रात्री बीबीसी लावायचो, आवाज बारीक करून. शेजारच्या काकू मृणालताई गोरेंच्या मोर्च्यातल्या... थांबा, कुकर.

जर्सीवाला: रूममेट निदर्शनाला गेला, त्याचा पासपोर्ट रद्द झाला. मी गेलो नाही. अजून सलतं.

लंडनकर: नका लावून घेऊ हो. घरच्यांची काळजी सगळ्यांनाच होती.

जुना_टोरांटो: तिकडचे पेपर एकच बाजू दाखवायचे. माझ्या वडिलांच्या ऑफिसात लोक दहाच्या ठोक्याला हजर असत, हेही खरं आहे.

सातारी: दादा, आमचे मामा दीड वर्ष येरवड्यात होते. मामी शिवणकाम करून तीन पोरं सांभाळत होती. ते कुठल्याच पेपरात आलं नाही, इकडच्याही नाही, तिकडच्याही नाही. कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी जेपींच्या प्रकृतीसाठी सगळ्यांना उभं केलं, मामी मांडवात होती. अजून सांगताना रडते.

जुना_टोरांटो: मामींना नमस्कार सांगा. हे माहीत नव्हतं.

जर्सीवाला: ताई, एअरोग्राम घडीवर फाटतं. सेलोटेप लावू नका, पिवळी पडते.

धागाकर्ती: बटर पेपरात ठेवलंय. मार्च ७७ला रायबरेलीत इंदिराबाई हरल्याचा निकाल आला, तेव्हा पेपर घेऊन त्या प्राध्यापकांकडे गेले. ते उठून उभे राहिले, माझा हात हातात घेतला. बाबांचं पुढचं पत्र पाकिटातून आलं, नऊ पानी.

गोरेगावची मावशी: आले. तर त्या काकूंना पहाटे नेलं, आणि त्यांची मुलगी दहावीला होती, तिचा डबा आमच्याकडून जायचा...