पहिल्याच महिन्यात अडीच लाखांची रायफल? कशासाठी?

सहावी लेन
नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथे परवा फतवा निघाला: 'मुलाला 10 मीटर एअर रायफल खेळवायची असेल तर पहिल्याच महिन्यात नवी जर्मन पीसीपी (दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी रायफल) घ्या. बजेट किमान अडीच लाख. तेवढी तयारी नसेल तर सरळ बुद्धिबळाला घाला.' खाली अंगठ्यांची रांग. मी दोन ओळी लिहिल्या तर 'तुम्हाला यातलं काय कळतं' असं ऐकवलं गेलं. म्हणून इथे फोरमवर लांबण लावतोय.

टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. नवख्या पोराचा होल्ड, म्हणजे धरलेला नेम, सातच्या रिंगेत झोके खातोय. अशा वेळी हातात कोरी वाल्थर एलजी 400 आहे की क्लबातली खरचटलेली फाइनवर्कबाऊ पी 70, याने कार्डावर काय उजेड पडणार? दोन्ही नळ्या व्हाइसमध्ये आवळून मारा, छर्रे एकाच भोकात जातील. फरक पडतो तो रायफल अंगाला बसण्याने. बटप्लेट (दस्त्याचं मागचं टोक) खांद्यात कुठे बसते, चीकपीसवर गाल टेकला की डोळा आपोआप पीपच्या, म्हणजे मागच्या साईटच्या बारीक भोकाच्या, मागे येतो का, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं का. मान वाकडी करून नेम धरणाऱ्या पोराला तीन लाखांची रायफलही वाचवत नाही.

माझं म्हणणं असं. पहिले सहा महिने क्लबची रायफल, भाडं असेल ते द्या. मूल टिकतंय असं दिसलं की जुनी पीसीपी शोधा, लाखाच्या आतबाहेर मिळते. आणि जुनी घेताना रंग, ओरखडे बघत बसू नका, आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. साधारण 10 वर्षांची मुदत असते. मुदत उलटलेला सिलिंडर मॅचला चालत नाही आणि तो तपासायची जबाबदारी नियमाने खेळाडूची. स्वस्तात मिळाली म्हणून नाचत घरी आणलेल्या निम्म्या रायफली याच कारणाने स्वस्त असतात.

आणि नेमबाज स्वप्नील कुसाळे आठवा. 2009 ला शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, स्वतःची रायफल आली ती 2015 ला रेल्वेत नोकरी लागल्यावर. 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य. त्याच्या वडिलांना कुणी 'बुद्धिबळाला घाला' म्हटलं असतं तर?

दहा पॉइंट नऊ
तो फतवा माझाच. पाठीमागे बोलण्यापेक्षा तिथे नीट वाचलं असतं तर बरं झालं असतं.

क्लबची रायफल म्हणे! आमच्या रेंजवर चार रायफली आणि तीसेक पोरं होती. माझ्या मुलीच्या आधीच्या स्लॉटला सहा फुटी पोरगा. तो गेला की बटप्लेट खाली घ्या, चीकपीस बदला, मग साईटचे क्लिक मोजत बसा. पाऊण तासाच्या स्लॉटमधली वीस मिनिटं रायफल 'आपली' करण्यात जायची, आणि उद्या परत तेच. तुम्हीच म्हणता फिटिंग महत्त्वाचं. मग रोज दुसऱ्याच्या मापाची रायफल धरून कसलं फिटिंग होणार?

स्वप्नीलचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. प्रबोधिनीत राहणं, खाणं, कोच, साहित्य सगळं शासनाचं. आमची पोरं दुपारी शाळेतून येऊन रिक्षाने रेंज गाठतात. त्याच्या वडिलांनी कर्ज काढलं, गोळ्यांना पैसे पुरवले, हे पण वाचलंय ना बातम्यांत? की तेवढंच वगळलं?

रंकाळा
अडीच लाख! भावा, आमच्याकडं उसाचं बिल आलं तरी आधी सोसायटीवाला दारात उभा असतोय.

आमच्या तालुक्यातली पोरं देशी स्प्रिंगवाली एअर रायफल घेऊन शालेय स्पर्धेत ओपन साईटला (पीप न्हाई, उघड्या खाचेतनं नेम) जिल्हा मारून विभागाला गेलीत. ओपन साईट आणि पीप साईट वेगळे इव्हेंट असतात, हे त्या ग्रुपवाल्यांना ठाऊक तरी हाय का? आधी त्यातनं खेळू दे की पोराला. आवडलं तर म्हैस इकून पीसीपी घेऊ.

जुनी बॅरक
रंकाळा यांच्याशी सहमत, पण कारण वेगळं. स्प्रिंगमध्ये छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत पिस्टनचा धक्का बसतो. घट्ट आवळून धरली की ग्रुप फुटला, म्हणजे छर्रे विखुरले, ट्रिगर दाबून लगेच मान वर केली की ग्रुप फुटला. फॉलो थ्रू, म्हणजे शॉटनंतरही क्षणभर नेम धरून ठेवणं, आपोआप शिकायला लागतो. पीसीपीवर चुका लपतात. आजकालची पोरं शॉट सुटायच्या आत स्कोअरच्या मॉनिटरकडे बघतात.

दहा पॉइंट नऊ
काका, फॉलो थ्रू ड्राय फायरने (छर्रा न घालता ट्रिगर दाबून) पण शिकता येतो, आणि तो फुकट असतो. स्प्रिंगवर वर्षभर धक्क्याची सवय लावायची आणि मग पीसीपीवर ती मोडायची, हे कुठलं शहाणपण? ओपन साईटवरून पीपवर आलेल्या पोरांना पुढच्या रिंगेत काळा गोल मधोमध ठेवायला शिकवताना कोचच्या नाकी नऊ येतात, ते विचारा.

सहावी लेन
इथे मी 10.9 यांच्या बाजूने आहे, आणि हे लिहिताना बोटं थरथरतायत. शालेय ओपन साईट खेळायचं असेल तर स्प्रिंग घ्या, जरूर घ्या. पण पुढे कॅप्टन इझिकेल, मावळणकर या मोठ्या स्पर्धांचा रस्ता धरायचा असेल तर तिच्यात पैसे गुंतवू नका. जुनी बॅरक, तुमची ती फाइनवर्कबाऊ 300 एस अपवाद. स्प्रिंगवालीच, पण तिची ॲक्शनच (नळी-पिस्टनचा भाग) मागे सरकते, धक्का गालापर्यंत येत नाही.

घोडबंदर
तुम्ही सगळे रायफलीवर भांडताय. खरा खड्डा कुठे आहे माहितीये? जॅकेट आणि ट्राउझर!

मुलगा तेरा वर्षांचा. कोच म्हणाले, मापाचंच शिवून घ्या, आणि याच डीलरकडून. घेतलं. पुढच्या दिवाळीपर्यंत पोरगा वीतभर वाढला, बाह्या मनगटाच्या वर आणि बटणं ओढून लावावी लागतात. कोच म्हणतात नवीन घ्या. त्याच डीलरकडून. मी दुसऱ्या पालकांकडून जुनं, मोठ्या मापाचं घेते म्हटलं तर चेहराच पडला. रायफल तरी विकली तर पैसे येतात. घामाने भिजून मऊ पडलेलं जॅकेट कोण घेणार?

आणि रेंजवर वर पत्रा. मे महिन्यात आत टीशर्ट, स्वेटर, वर कॅनव्हास. पोरगा मॅचनंतर चक्कर येऊन बाकावर बसला होता. एसीचे पैसे मात्र फीमध्ये धरलेले.

रंकाळा
ताई, त्या डीलरकडनं कोचला किती सुटतात तेबी इचारा.

दहा पॉइंट नऊ
पुराव्याशिवाय बोलायची सवय दिसते.

रंकाळा
पुरावा? माझ्या पुतण्याला कोचनं ज्या दुकानात पाठवलं तिथं जॅकेट एक किमतीला, आणि मी स्वतः फोन लावून कोचचं नाव न घेता इचारलं तर तेच जॅकेट कमी किमतीला. आता ह्याला पुरावा म्हणायचं का योगायोग, तुम्ही ठरवा.

शटर सहा वाजता
मी कोच आहे. इतका वेळ गप्प वाचत होतो.

हो, डीलर मला देतो. लपवण्यासारखं काही नाही. सकाळी सहाला शटर उघडतो, सिलिंडर भरायचा कॉम्प्रेसर माझा, त्याचा फिल्टर माझा, टार्गेट मशीन बिघडली की माणूस मी बोलावतो. पाचशे छर्र्यांचा डबा. पोर रोज शंभर मारतं म्हणजे पाच दिवसांत तळ. फी वाढवली की हेच पालक 'धंदा मांडलाय' म्हणतात. त्या पैशातून ज्यांना परवडत नाही अशा पोरांचे छर्रे येतात. घोडबंदर ताई, तुमच्या कोचचं मला माहीत नाही, पण सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका.

घोडबंदर
मग तसं पावतीवर लिहा ना! 'यातले इतके गरीब पोरांच्या छर्र्यांसाठी.' मी आनंदाने देईन. न सांगता माझ्या खिशातून दानधर्म कशाला?

जुनी बॅरक
आम्ही साध्या सुती शर्टावर...

दहा पॉइंट नऊ
काका, तेव्हा स्कोअर पूर्णांकात मोजायचे. आता 9.9 आणि 10.3 यात फायनल सुटते.

शटर सहा वाजता
जॅकेटबद्दल एकदा नीट सांगतो, मग जातो, पोरं आलीत. वाढत्या वयात मापाचं शिवू नका. तयार मापातलं घ्या, बटणं सरकवायला जागा ठेवा. फार कडक घेतलं तर इक्विपमेंट कंट्रोलला (मॅचआधीच्या साहित्य तपासणीत) स्टिफनेसमध्ये, म्हणजे कडकपणात, अडकेल, जाडी एका थराला 2.5 मिलिमीटरच्या वर चालत नाही. जुनं मऊ पडलेलं नियमात बसतं, पण कंबरेला आधार देत नाही. पहिल्या वर्षाला मात्र तेच पुरे. बूट मात्र जुने घेऊ नका, दुसऱ्याच्या पावलाने तळवा एका बाजूला झिजलेला असतो.

सहावी लेन
धागा रायफलीचा होता, याची नम्र आठवण.

शटर सहा वाजता
रायफलीचं एकच. सहावी लेन जे 'जुनी घ्या' म्हणतायत ते उजव्या हाताच्या पोरांना. डावखुऱ्याला जुन्या बाजारात काही मिळत नाही. वर्षभर वाट बघून शेवटी नवीच घेतात.

सहावी लेन
हे बरोबर. डावखुऱ्यांपुरता 10.9 यांचा फतवा मान्य. त्यांच्यापुरताच.

दहा पॉइंट नऊ
उपकार झाले. मीही मान्य करतो की पहिला महिना घाईचा आहे. तिसरा म्हणू. आणि जुनी घेणाऱ्यांनी विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये. सिलिंडर भरून रात्रभर ठेवा, सकाळी गेज वाचा. काटा खाली आला असेल तर सील गेलंय. हे मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून मी नवी घेतली, श्रीमंती दाखवायला नाही.

सहावी लेन
हे ग्रुपवर लिहिलं असतंत तर निम्मा धागा वाचला असता.

मामाचा भाचा
मध्येच विचारतो. भाच्याला वाढदिवसाला द्यायचीय, दुकानदार एक दाखवतोय, 900 फूट सेकंदाला, दुर्बीण फुकट. चालेल का? लायसन्स लागतं का?

जुनी बॅरक
4.5 मिलिमीटर आणि 20 जूलच्या आत असेल तर लायसन्स नको. मॅचला चालणार नाही. मॅचची रायफल साडेसात-आठ जूलची असते आणि दुर्बीण तर बंदच. भाच्याला क्लबची तीन महिन्यांची फी भरून द्या.

घोडबंदर
विषय निघालाच आहे तर, जॅकेट विकायचंय. 34 चं, निळं-पांढरं, एक सीझन वापरलेलं. ट्राउझर सोबत. ठाण्यात येऊन बघून घेणे.

रंकाळा
पुतण्याला बसंल. किती?

दहा पॉइंट नऊ
कोचच्या किमतीत की फोन लावल्यावरच्या?

घोडबंदर
रंकाळा, तुम्हाला वेगळा मेसेज करते.