चकचकीत धातूवर नुसतं जवळ जाऊन भागत नाही

इन्फ्रारेड तापमापक गन (वस्तूला न टेकवता तापमान मोजणारं उपकरण) लांबून न धरता जवळून धरावी, हा वर कुणीतरी मांडलेला अंतराचा मुद्दा बरोबर आहे. १२:१ ची गन (म्हणजे अंतर मोजल्या जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासाच्या १२ पट) ६० सेंमीवरून धरली तर साधारण ५ सेंमी व्यासाच्या वर्तुळाची सरासरी मिळते, लेसरच्या ठिपक्याची नव्हे. पण त्यावरून काढलेला 'जवळ गेलं की आकडा खरा' हा निष्कर्ष मला अजिबात पटत नाही. ही गन पृष्ठभागातून येणारं अवरक्त प्रारण मोजते आणि त्यावरून तापमान काढते. स्वस्त गनमध्ये त्यासाठी उत्सर्जकता (पृष्ठभाग किती चांगलं प्रारण सोडतो त्याचं ० ते १ मधलं माप) बहुधा ०.९५ धरलेली असते, बऱ्याचदा ती बदलताही येत नाही. रंगवलेली मोटर, रबर, गंजलेलं बीड (ओतीव लोखंड) यांना हे बऱ्यापैकी चालतं. पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमची उत्सर्जकता मात्र ०.१ च्याही खाली असते. तिथे गन बरंचसं आजूबाजूचं परावर्तनच वाचते. उकळत्या पाण्याच्या चकचकीत स्टीलच्या पातेल्यावर बाहेरून धरून बघा, १०० च्या जवळपासही आकडा जाणार नाही.

आमच्याकडे विजेच्या पॅनेलमध्ये तांब्याचा बसबार (वीज वाहून नेणारी पट्टी) गनवर थंड दिसायचा आणि त्याला जोडलेल्या केबलचं इन्सुलेशन त्याहून गरम. सांध्याची उष्णता केबलमध्ये उतरत असताना असं कसं होईल? मग शटडाउनला, सप्लाय बंद असल्याची खात्री करून, सांध्याशेजारी बसबारवर, रंग किंवा रबरासारखीच गनला चालणारी काळी इन्सुलेशन टेप चिकटवली. लोड आल्यावर त्याच जागी आकडा एकदम वर गेला आणि सैल बोल्ट सापडला. टेपचा तुकडा गनच्या वर्तुळापेक्षा मोठा हवा, आणि हवेचा बुडबुडा न राहता घट्ट बसायला हवा. साधी पीव्हीसी टेप ८० अंशांच्या आसपासच टिकते. त्यापुढे उष्णतारोधक मॅट काळा रंग वापरा.