झोपडीबाहेरचं कुत्रं आणि अर्थ काढायचा सोस

रंकाळ्याकाठचा:
सिनेमा सुटला की हल्ली लगेच सुरू होतं. लाल साडी म्हणजे बंड, आरसा म्हणजे दुभंगलेलं मन, पाऊस म्हणजे शुद्धीकरण. अरे, कोल्हापुरात जुलैत पाऊस पडतोच की! माझं म्हणणं एवढंच, की सूचित अर्थ वस्तूला चिकटलेला नसतो. कोण बोलतंय, कुणाला, कुठल्या वेळी, यातून तो निघतो. मम्मट या जुन्या पंडितानं काव्यप्रकाश या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात 'सूर्य मावळला' हे वाक्य घेतलंय. गुराख्याला त्याचा अर्थ गुरं गोठ्यात घ्या, कामकऱ्याला काम थांबवा, प्रियकराकडं जाणारीला निघायची वेळ झाली. शब्द तेच, आणि सूर्य कशाचंही प्रतीक नाही. यादी पाठ करून अर्थ सांगणाऱ्यांनी दहावीची गाईडं लिहावीत.

ज्यादा कट:
मग आपल्या कोल्हापूरच्या दिग्दर्शक बाबूराव पेंटरांचं काय? 'सावकारी पाश', १९२५, मूकपट. संवादच ऐकू येत नाहीत, तर 'कोण कुणाला बोललं' कुठनं आणणार? मंद उजेडातली भकास झोपडी आणि बाहेर रडणारं कुत्रं. शेतकऱ्याचं वाटोळं झालंय हे सांगायला आणखी काय पायजे? आमच्या आजीला व्यंजना, म्हणजे थेट न बोलता सुचवायची शब्दाची शक्ती, वगैरे ठाऊक नव्हतं, पण रात्री कुत्रं रडलं की 'हाड हाड' करत बाहेर यायची. यादी असतेच भावा, फक्त पुस्तकात नसते.

रंकाळ्याकाठचा:
अर्धं पटलं. पण कुत्रं रडतंय कुणाच्या दारात? तेच सावकाराच्या वाड्यापुढं रडू दे, लोक टाळ्या वाजवतील. आणि ते दृश्य तू तरी कुठं पाहिलंयस? आपल्याला ते ठाऊक आहे सिनेमावाल्या जे. बी. एच. वाडियांच्या आठवणीतून. म्हणजे आपण एका आठवणीचा अर्थ लावत बसलोय.

खासबागचा गडी:
लई झालं राव. सावकार लबाड, जमीन गेली, गडी शहरात गिरणीत कामाला लागला. कळलं न्हवं? बास की. दिग्दर्शकाला इचारलं तर म्हणंल, कुत्रं तितंच हुतं, घेतलं.

गाथावेडी:
विचारायची सोयच नसेल तर? गाथासप्तशती या जुन्या काव्यसंग्रहातली एक गाथा बघा, महाराष्ट्री प्राकृतातली. एक बाई एका धार्मिक बुवाला सांगते: बुवा, आता निर्धास्त हिंडा. ते कुत्रं आज मेलं, गोदाकाठच्या जाळीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहानं मारलं त्याला.

तोंडानं 'हिंडा', पोटात 'फिरकू नका'. नवव्या शतकात आनंदवर्धन या पंडितानं सूचित अर्थावरच्या ध्वन्यालोक या ग्रंथात हीच गाथा उदाहरणाला घेतली. टीकाकार सांगतात, ती जाळी म्हणजे तिची प्रियकराला भेटायची जागा, आणि बुवा तिथं येऊन खोळंबा करतो. आता गंमत अशी, की प्रियकर गाथेत कुठंच नाही. रंकाळ्याकाठचे, तुमच्या नियमानं हा अर्थ लादलेलाच म्हणायचा. मग हजार वर्षं सगळे चुकले का?

रंकाळ्याकाठचा:
दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. कुत्र्याला भिणाऱ्या माणसाला सिंहाची बातमी द्यायची आणि वर 'निर्धास्त हिंडा' म्हणायचं, ही मेख गाथेतच आहे. तेवढं मी डोळे झाकून मानतो. प्रियकर मात्र बाहेरून आणलेला. महिमभट्ट या दुसऱ्या जुन्या पंडितानं तर पुढं जाऊन म्हटलं, की 'फिरकू नका' हेसुद्धा साधं अनुमान आहे, त्याला व्यंजना नावाची वेगळी शक्ती लागत नाही. मी इतका कडक नाही.

गाथावेडी:
प्रियकर काढून टाका आणि मग सांगा, ती बाई एवढी सिंहाची थाप कशाला मारेल? कारणाशिवाय मेख कळते, बाई कळत नाही. मला बाई कळायला हवी. वाचणाऱ्यानं ते कारण भरायचं नाही, तर कविता वाचायची कशाला?

ज्यादा कट:
बाईंना आपला पाठिंबा. 😄

खासबागचा गडी:
आन् सिंव्ह खरंच असंल तर? बिचारी खरं सांगतीया, आन् तुमी तिच्या मागं प्रियकर लावून दिलाय.

रंकाळ्याकाठचा:
खरा असता तर 'निर्धास्त हिंडा' म्हणाली असती का रे? 'पळा' म्हणाली असती.